जगबुडीची तारीख आणि बैलांची पावती

आमच्या आजीच्या म्हणण्याप्रमाणे जग एकदा बुडता बुडता राहिलं. तिची गोष्ट अशी: आठ ग्रह एका जागी आले, पंडितांनी सांगितलं की आता जगबुडी होणार. लोकांनी पेरणी सोडली आणि भर पावसात घरात बसून राहिले. मग दिवसा अंधारलं, कोंबडे आरवले. तिची धाकटी जाऊ पोटुशी होती, तिला आतल्या खोलीत गोधडीखाली बसवलं. माझ्या पणजोबांनी ‘आता ठेवून काय करायचं’ म्हणून बैलजोडी मिळेल त्या भावात विकून टाकली आणि दारची बकरी कापून खाल्ली. जग काही बुडलं नाही. पुढचं वर्षभर मात्र दुसऱ्याच्या बैलांवर शेती करावी लागली.

ही गोष्ट मी बी.एस्सी.ला असल्यापासून सांगत आलोय. मी नास्तिक आहे. वाशिम जिल्ह्यातल्या गावात नास्तिक असणं म्हणजे काय, ते तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. लोक भांडत नाहीत, फक्त ‘शिकून असा झाला’ म्हणतात आणि प्रसाद जरा जास्तच देतात. वादात ही गोष्ट मला फार उपयोगी पडायची. दोन-तीन कॉलेजांत मी भाषण केलं, त्यात एक स्लाईडच होती: ‘भविष्यवाणीची किंमत, एक बैलजोडी’. टाळ्या पडायच्या. आज हे लिहितोय ते त्या स्लाईडमध्ये काय चुकलं होतं ते सांगायला. तुमच्यापैकी बरेच जण पेट आणि मुलाखतीच्या तयारीत आहेत. ‘सोर्स क्रिटिसिझम म्हणजे काय’ असं कुणी विचारलं तर पुस्तकातली व्याख्या सांगाल तेव्हा सांगा, आधी हे वाचून ठेवा.

माझं स्वतःचं काम पावसाच्या जुन्या नोंदींवर आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षात गाईडने एकच गोष्ट डोक्यात घातली. रजिस्टरात रकाना रिकामा असेल तर त्याचा अर्थ ‘त्या दिवशी पाऊस शून्य’ असा होत नाही. पाऊस पडला नसेल, किंवा नोंद घेणारा त्या दिवशी लग्नाला गेला असेल. रिकामं ते रिकामं, शून्य ते शून्य. पावसाच्या बाबतीत हे मी पाळलं. आजीच्या बाबतीत पाळलं नाही.

आधी गोष्टीची तारीख लावू. आठ ग्रह म्हणजे ‘अष्टग्रही’, आणि अष्टग्रही झाली ती ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता, वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. पण मित्रांनो, फेब्रुवारीत आमच्याकडे पेरणी कुठली? फेब्रुवारीत हरभरा घाट्यांवर असतो, पोरं शेतात हुळा भाजून खातात, गहू उभा असतो. पाऊस आणि पेरणी म्हणजे जून-जुलै. मी आजीला खोदून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘वरून लोखंडी काहीतरी पडनार व्हतं ना, म्हनून कोनी वावरात जाये नाई.’ लोखंडी! ती अष्टग्रही नव्हेच, ते स्कायलॅब. अमेरिकेची ती अंतराळ प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ ला खाली आली, तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पडायच्या आधी काही दिवस आपल्याकडे गावोगाव घबराट होती.

दिवसा अंधार, कोंबडे आणि पोटुशी जाऊ हा तिसराच प्रसंग. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार दुपार, सूर्यग्रहण. खग्रास पट्टा कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्रातून गेला. आमच्याकडे ग्रहण खंडग्रासच होतं, तरी सूर्याचा बराच भाग झाकला गेला. त्या जावेचा धाकटा मुलगा १९८० च्या उन्हाळ्यातला आहे, त्यामुळे हिशोब बसतो.

म्हणजे अठरा वर्षांत पसरलेल्या तीन भीती आजीच्या डोक्यात एकाच दुपारी घडत होत्या. यात आजी खोटं बोलत नव्हती. स्मरण वर्षाप्रमाणे फाईल लावत नाही, भावनेप्रमाणे लावतं. भीतीची एक फाईल, त्यात सगळं. मौखिक इतिहासावर काम करणार असाल तर थेट ‘कोणत्या साली’ असं विचारू नका, उत्तर मिळेल आणि ते चुकीचं असेल. विचारा, शेतात काय उभं होतं, घरात कोण जन्मायचं होतं, अंगावर काय पांघरलं होतं. अष्टग्रहीचा खरा धागा मला असाच सापडला. आजी म्हणाली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया तेच बोलत होत्या. १४ जानेवारी ते रथसप्तमी या काळात ३ फेब्रुवारी बरोबर बसते.

आता अष्टग्रहीकडे येऊ, कारण प्रकरण म्हणून ते फारच सुंदर आहे. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे आठ मकर राशीत जमले. देशभर यज्ञ झाले, अखंड नामसप्ताह बसले, वर्गण्या गोळा झाल्या. पंतप्रधान नेहरूंनी प्रकरण हसण्यावारी नेलं. त्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक होती, म्हणजे एकीकडे जगाचा शेवट आणि दुसरीकडे प्रचारसभा. आमच्या गावात मारुतीच्या पारावर सात दिवस भजन चाललं, आमच्या घरातून ज्वारी आणि तूप गेलं. पणजोबांनी त्याच आठवड्यात उधारी वसूल करायला शेजारच्या गावी दोन खेपा मारल्या, हेही आजीच सांगते. जगबुडीच्या आदल्या आठवड्यात उधारी वसूल करणारा माणूस नक्की काय मानत होता, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

जगाचा शेवट तीन दिवसांचा का होता, ठाऊक आहे? शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो, गुरू एक वर्ष, सूर्य एक महिना. चंद्र मात्र बारा राशी सव्वासत्तावीस दिवसांत फिरतो, म्हणजे एका राशीत सव्वादोन दिवस. बाकीची मंडळी मकरेत आधीच बसली होती. आठवा येऊन जायला सव्वादोन दिवस लागले, तेवढीच प्रलयाची मुदत. यात दैवी काही नाही, भागाकार आहे.

केतू तर वस्तूच नाही. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग आकाशात जिथे छेदतात त्या दोन बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो. सूर्य-चंद्र एकत्र अशा बिंदूजवळ आले की सूर्यग्रहण होतं, आणि ५ फेब्रुवारीच्या पौष अमावास्येला ते झालंही. न्यू गिनी आणि प्रशांत महासागराच्या बाजूला, आपल्याकडून न दिसणारं.

न दिसणारं यावरून आठवलं. अष्टग्रहीसुद्धा कुणाला दिसली नाही! सगळे ग्रह सूर्याच्याच राशीत, म्हणजे सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबर मावळणार, दिवसभर त्याच्या उजेडात बुडालेले. ज्या भयंकर दृश्याला लोक घाबरले ते फक्त पंचांगाच्या पानावर होतं. त्याहून मोठी गंमत अशी की मंगळ, गुरू आणि शनी आपल्या आकाशात सूर्याच्या शेजारी दिसत असतील तर ते सूर्याच्या पलीकडे असतात, म्हणजे पृथ्वीपासून जवळजवळ जास्तीत जास्त दूर. त्या दिवसांत गुरू सुमारे ९० कोटी किलोमीटरवर होता. भरती आणणारी ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. गणित करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे: त्या दिवशीच्या गुरूची ओढ चंद्राच्या ओढीच्या पाच लाखांव्या हिश्श्याएवढी येते. चंद्र तर दर महिन्याला येतो आणि कोकणात पाणी थोडं वर चढतं, इतकंच.

बरं, शास्त्र सोडा, पुराण तरी बाजूने होतं का? पौराणिक हिशोबात कलियुग ४,३२,००० वर्षांचं आहे आणि त्याची सुरुवात इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये धरतात. आर्यभटाने आपलं वय सांगताना हाच हिशोब वापरलाय: कलियुगाची ३,६०० वर्षं सरली तेव्हा तो २३ वर्षांचा होता, म्हणजे इसवी सन ४९९. या हिशोबाने १९६२ मध्ये कलियुगाची चार लाखांहून जास्त वर्षं शिल्लक होती. प्रलयाची भीती घालणारे ज्या परंपरेचं नाव घेत होते, तिच्याच बेरजेत ती तारीख बसत नव्हती. मी नास्तिक माणूस, पण इथे आर्यभटाच्या बाजूने उभा राहीन.

आपल्याच लोकांवर हसायचं असेल तर आधी १५२४ बघा. जर्मनीतल्या श्टोफ्लर नावाच्या गणितीच्या पंचांगात फेब्रुवारी १५२४ ला मीन राशीत ग्रह जमणार होते. मीन जलराशी, म्हणून महापूर. युरोपात या विषयावर पुस्तिकांचा ढीग पडला. महापूर आला नाही. मे २००० मध्ये सूर्य, चंद्र आणि डोळ्यांनी दिसणारे पाचही ग्रह पुन्हा आकाशाच्या एका बाजूला आले. तेव्हा मी कडेवर होतो. जग होतं तिथंच राहिलं.

आकाशातून संकट येऊच शकत नाही, असं माझं म्हणणं नाही. रिसोडच्या पलीकडे थोड्याच अंतरावर लोणार आहे. १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा उल्केने पाडलेला आहे, बेसाल्ट फोडून. त्याचं वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं निघालं, २०११ मधल्या आर्गॉन पद्धतीच्या कामात ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास गेलं. दहापटीहून जास्त फरक! कुणी पहिल्या लोकांना पाखंडी म्हटलं नाही की दुसऱ्यांची आरती केली नाही. दगड तिथंच आहेत, ज्याला शंका असेल त्याने पुन्हा मोजावं.

भविष्यवाणीला मात्र पुन्हा मोजायची सोय नको असते. ५ फेब्रुवारी १९६२ ची दुपार टळली आणि काही झालं नाही, तेव्हा पारावर दोन उत्तरं तयार होती. एक, भजनामुळे वाचलो. दुसरं थोडं उशिरा आलं: ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केलं, तेव्हा ‘बघा, अष्टग्रहीचं फळ’. आजही आमच्याकडे म्हातारी माणसं हे सांगतात. प्रलय सांगितला होता, युद्ध मिळालं, आठ महिन्यांनी मिळालं, तरी पावती फाडली. बाण आधी मारायचा आणि तो जिथे रुतला तिथे नंतर वर्तुळ काढायचं, असा हा नेमबाजीचा प्रकार.

याला औषध एकच, वर्तुळ आधी काढून घेणं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ते केलं. हुशार म्हणून निवडलेल्या १०० आणि मतिमंद अशा १०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या कोणत्याही ४० देऊन ‘कोणती कुठल्या गटातली’ एवढंच विचारलं. नाणं उडवून साधारण २० बरोबर येतात. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांपैकी सगळ्यात चांगला आकडा २४ होता, सरासरी निम्म्याच्या खालीच राहिली. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे छापून आलं. संशोधनाचा आराखडा कसा करायचा हे शिकायचं असेल तर तो छोटा लेख जरूर वाचा. प्रश्न एक, उत्तर हो किंवा नाही, आणि काय आलं तर हार मानायची हे आधीच ठरलेलं.

इथपर्यंत मी भाषणात सांगायचो आणि शेवटी बैलजोडीची स्लाईड यायची.

गेल्या दिवाळीला घराची पांढरी करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. त्यात पणजोबांचे कागद होते: सातबाराचे उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, एका औषधी तेलाची जाहिरात. आणि गुरांच्या बाजाराची एक पावती. दोन बैल, एक पांढरा, एक तांबडा, शिंगांचं वर्णन, किंमत, घेणाऱ्याचं नाव. खाली शाईने तारीख: १४-४-६२.

मी ती तारीख तीन वेळा वाचली. एप्रिल. जगबुडी टळून दोन महिने झाले होते.

मी आधी काय केलं असेल, सांगा. मी सबबी शोधल्या. प्रामाणिकपणे सांगतो, पहिला अर्धा तास मी त्यातच घालवला. ही दुसरी बैलजोडी असेल. सौदा जानेवारीत झाला असेल, पावती उशिरा फाडली असेल. चारचा आकडा एकसारखा दिसतोय, पण तो एकच असेल. मग लक्षात आलं की चीनच्या युद्धाचं वर्तुळ काढणारे आणि मी यात फार फरक उरलेला नाही. माझ्या आवडीची गोष्ट वाचवायला मी तारखेलाच वाकवत होतो.

आबाजींच्या बहिणीचं लग्न कधी झालं, ते मग मी घरात विचारत सुटलो. तिघांनी वेगवेगळं सांगून एका गोष्टीवर एकमत केलं: जिल्हा परिषद आली त्याच उन्हाळ्यात. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला अस्तित्वात आल्या. एप्रिल-मे म्हणजे शेतीची कामं संपलेली, कडबा संपत आलेला, बैलांना बसून खायला घालायचं. गुरं विकायचा काळच तो. पणजोबांनी बैल प्रलयाच्या भीतीने विकले नव्हते. पोरीच्या लग्नासाठी विकले होते. पुढे ती भरपाई कधी झालीच नाही, आणि लग्नाने आपल्याला कंगाल केलं असं घरात बोलायची सोय नव्हती. ती आत्या दर दिवाळीला माहेरी येत होती ना! दोष ग्रहांवर गेला. कुणी ठरवून घातला नसेल, जाता जाता गेला असेल.

म्हणजे माझ्या स्लाईडवरची ‘किंमत’ हुंड्याची आणि लग्नाच्या जेवणावळीची होती. मी ती भविष्यवाणीच्या खात्यावर टाकून टाळ्या घेत होतो.

याच सुमारास दुसरा झटका बसला. भाकीत फसलं की भक्त आणखी घट्ट होतात, हे सांगताना आम्ही सगळे विवेकवादी एका पुस्तकाचा दाखला देतो. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांचं ते पुस्तक १९५६ चं, अमेरिकेतल्या एका छोट्या गटावरचं. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार आणि आपल्याला उडती तबकडी घेऊन जाणार, असं तो गट मानत होता. संशोधक ओळख लपवून गटात शिरले होते. २०२५ मध्ये फेस्टिंगर यांची जुनी कागदपत्रं तपासून एक लेख आला. त्यात म्हटलंय की तो गट पुस्तकात रंगवलाय तसा घट्ट झालाच नाही, लोकांनी विश्वास लवकर सोडला आणि आत शिरलेल्या निरीक्षकांनी घटनांमध्ये बराच हात घातला होता. वाद अजून चालेल. पण मी ते पुस्तक किती वेळा सांगितलं आणि मूळ नोंदी काय म्हणतात हे एकदाही का विचारलं नाही? कारण निष्कर्ष मला आवडत होता.

यावर आमच्या लॅबमधला एक मित्र म्हणाला, ‘मग आता देवळात जाणार का?’ नाही. अष्टग्रहीचं भाकीत १९६२ मध्ये खोटं ठरलं आणि ते आजही खोटंच आहे, माझ्या पणजोबांनी बैल कधीही विकले असोत. गुरूची ओढ पावती बघून वाढत नाही. फक्त त्या भीतीने आमच्या घराचं नक्की काय नेलं, ते आता मला नव्याने मोजावं लागतंय, आणि आकडा लहान येतोय: थोडी ज्वारी, थोडं तूप, सात रात्रींची झोप. दुसऱ्यांच्या घरांचं जास्त गेलं असेल. ते त्यांच्या पेट्या उघडल्याशिवाय कळणार नाही. लोक घाबरले, पण त्यांनी व्यवहार सोडला नाही. पणजोबांनी भजनाला ज्वारी दिली आणि उधारीही वसूल केली. त्यांना भोळं म्हणून मीच सोपं करून ठेवलं होतं.

आजीला पावती वाचून दाखवली. चष्मा लावून तिने तो कागद बराच वेळ हातात धरला, अक्षर येत नाही तरी. मग म्हणाली, ‘बैलं लग्नात गेले हे मले ठावं व्हतं रे.’

‘मग इतकी वर्षं जगबुडी जगबुडी का सांगत होतीस?’

‘तूच इचारे ना, जगबुडीत काय काय गेलं म्हनून. मंग सांगे मी.’

प्रश्नातच उत्तर भरून विचारायची ही चूक माझी, आजीची नव्हे. स्लाईड काढून टाकली आहे. बकरीचं काय झालं ते अजून ठरलेलं नाही. आजी म्हणते ती अष्टग्रहीतच खाल्ली, मोठे काका म्हणतात स्कायलॅबच्या वेळी. बकरीची पावती नसते.